पुंजाजीच्या चिखल्या

मला लिहायची सवय नाही. पुंजाजीबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही म्हणून लिहितो. नीट जमेल असं वाटत नाही.

संग्रामपूरकडच्या आमच्या गावात त्याचा पानमळा होता. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. बाहेर ऊन भाजून काढायचं आणि मळ्यात शिरलं की दाट सावली, कोंदट ओली हवा. पाटाच्या चिखलात उभं राहून पुंजाजीच्या पायाच्या बोटांमधल्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरल्या होत्या. चिखल्या पावसाळ्यात सगळ्यांनाच होतात, त्याला बारमाही.

मी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "पाय कोरडे ठेवा. बोटांत कापूस घाला. चिखलात अनवाणी जाऊ नका, नाहीतर पाय सुजेल."

येताना पुंजाजी हसला. "मळ्यात वाहना? तू देवघरात वाहना घालतं काय बे?"

पानमळा आमच्याकडे देवघरासारखाच. वाहना बाहेर काढूनच आत जायचं. बाईमाणसानं तर आत पाऊलच टाकायचं नाही. म्हणून त्याची बायको गोजरबाई घरी बसून पानं निवडी, पाणी द्यायला त्याच्याऐवजी जाऊ शकत नसे.

तो सकाळी मलम लावी आणि लगेच पाटात उतरे. सगळं मलम वेलींच्या मुळाशी! "संध्याकाळी पाय धुऊन, पुसून लाव," मी कितीदा सांगितलं. "हाव, हाव," म्हणे. मला पटवून सांगता येत नाही, हेही खरं.

शेवटी पाय घोट्याच्या वर सुजला, ताप भरला. पाणी द्यायचं काम त्याच्या भावानं, निवृत्तीनं घेतलं. पुंजाजी पायाला दवाखान्याची पट्टी बांधून ओसरीवर पानं निवडायला बसला.

"सडकं पान चांगल्यात टाकून राह्यले तुम्ही," गोजरबाई म्हणाली. "पायावानी गड्डीबी नासवता काय?"

कोरड्यात बसून पाय बरा झाला. मला वाटलं, सुटलो. कातडी धरते न धरते तोच स्वारी पुन्हा अनवाणी मळ्यात!

"काऊन गेला बे?" मी ओरडलो.

"निवृत्ती पानी देते, पन येल बांधता येत नाही त्याले. लोंबून राह्यले."

"मग बाहेर आल्यावर पाय तरी पूस!"

तो बांधावर टेकला आणि चिखलाचे दोन्ही पाय माझ्यापुढे केले. "तुले लय समजते ना? घे, पूस."

मी चरफडत उपरण्यानं पुसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो, तर तो तसाच पाय पसरून माझी वाट पाहत होता.