जोमाबाबाचं खोटं आणि खाडीचा बांध

माझा पणजोबा तीन सरकारी माणसांशी खोटं बोलला, म्हणून आमचं गाव जगलं.

आज त्याची तिथी.

फोटो टाकत नाहीये, कारण फोटोच नाही. मिठागरात राबणाऱ्या माणसाचा फोटो तेव्हा कोण काढणार होतं?

नाव जोमा. शीळफाट्याच्या पुढे, खाडीकडे उतरलं की आमचं गाव. आता तिथे टॉवर आहेत. ही गोष्ट एकोणिसावं शतक संपत आलेलं तेव्हाची. मला माझ्या आज्याने सांगितली, म्हणजे जोमाच्या मुलाने. त्याला त्याच्या आयने.

आजच लिहायचं कारण म्हणजे परवाचा रोजगार मेळावा. माझी पुतणी फाईल घेऊन गेलेली. केंद्र, राज्य, महापालिका, अशा तीन सरकारांचे तीन स्टॉल. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरा जेवायला गेलेला.

मला धक्का वगैरे बसला नाही. साहेबांची ही जात आमच्या घराण्याच्या ओळखीची आहे.

तर झालेलं असं. छोटी मिठागरं बंद करायची, असा वरून हुकूम आला. आमचं आगर छोटं. एका कागदाने चाळीस घरांचे हात रिकामे झाले.

त्याच पावसाळ्यात आगराचा बांध फुटला. भरतीचं खारं पाणी थेट भातशेतात.

मीठ गेलं. भातही गेलं.

आता शेंबड्या पोरालाही कळेल की एकीकडे फुटका बांध आहे आणि दुसरीकडे बांध घालणारी माणसं बसून आहेत. सरकारला कळलं नाही.

जोमा आधी मिठावरच्या साहेबाकडे गेला.
साहेब म्हणाला, "आगर बंद झालं. आता बांध आमचा कसा?"

मग मामलेदाराकडे, कारण शेतसारा तोच घ्यायचा.
"बांध मिठाचा आहे. मिठावाल्यांना विचार."

मग म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसियरकडे, कारण शहराकडे जाणारी वाट त्याच बांधावरून होती. त्याने आधी जोमाला तासभर उन्हात उभं केलं. मग म्हणाला, "आमच्या हद्दीबाहेर आहे."

तिघेही शिकलेले. तिघांच्या कचेऱ्या एका हाकेच्या अंतरावर. पण उठून शेजारी जाऊन बोलतील तर शपथ! सहा महिने एकमेकांना पत्रं लिहीत बसले.

इकडे घरांना कुलपं लागायला लागली. माणसं मुंबईच्या गिरण्यांत चालली. जोमाचा सख्खा भाऊ पोशा, त्यानेही बोचकं बांधलं.

"दादा, तुजे सायेब तुलाच लखलाभ. मी चाललो."

"आठ दिस थांब रं. काम आनतो."

कुठून आणणार होता, त्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मामलेदाराकडे गेला. "मिठावरचं सायेब मंगलवारी बांध बघाया येतान. बोलले, मामलेदार नाय आले तं वर लिवतो."

मिठावरच्या साहेबाला जाऊन मामलेदाराचं नाव सांगितलं. ओव्हरसियरला दोघांचं.

गावासाठी यातला एकही हलला नसता. दुसरा आपल्याविरुद्ध वर लिहील म्हटल्यावर तिघेही पळत आले.

मंगळवारी बांधावर तीन छत्र्या. प्रत्येकजण दुसऱ्याला विचारतोय, "आपण बोलावलंत ना?" समोर सगळं गाव उभं.

जोमा पुढे झाला. "तिघंबी आल्याव. आता हितंच ठरवा, बांध कुनाचा."

ओव्हरसियर खेकसला, "हे असं ठरत नसतं!"

"सायेब, भरती लागली हाय. घटकाभरानं ही वाट पान्यात जाल. तवर ठरवा, नायतर आमच्याकडं जेवाया थांबा."

मिठावरच्या साहेबाने बंद आगरातली माती दिली. ओव्हरसियरने दगड आणि बैलगाड्या. मामलेदाराने मजुरी.

सहा महिन्यांत झालं नाही ते एका घटकेत झालं. गावाची दया आली म्हणून नाही. बूट भिजतील म्हणून.

निघता निघता मामलेदार म्हणाला, "पुरुषांची यादी करा."

जोमाची बायको, माझी पणजी बामा, गर्दीतूनच ओरडली, "आनि माती काय पुरुसच उचलतान? बायांच्या डोक्यांव काय फुलं ठेवतान?"

यादीत बायकाही आल्या. पोशाने बोचकं सोडलं. गेलेल्यांतली काही घरं परत आली. पुढच्या पावसाआधी बांध उभा राहिला. त्यावर दगड बसला, दगडावर तिघांची नावं. जोमाचं नाही. साधं "सर्व ग्रामस्थ"सुद्धा नाही. नालायक कुठले.

त्याच पावसाळ्यात मोठ्या उधाणाला नवा बांध एका जागी पाझरायला लागला. जोमा पेंढा आणि चिखल घेऊन गळ्याएवढ्या पाण्यात उतरला. पोशा सोबत होता. दोन दिवस दोघे पाण्यात. बांध वाचला. जोमाची छाती भरली, आणि पाचव्या दिवशी तो गेला.

तीच ही तिथी.

तिघांपैकी एकही दारात आला नाही. म्हणे, माणूस कुणाच्या कामावर मेला असं धरायचं, ते ठरत नव्हतं.

बामा कुठल्याही कचेरीत गेली नाही. तेरावं झालं आणि फावडं घेऊन ती बांधाच्या राखणीला उभी राहिली. भोक दिसलं की बुजवायची. पुढची कितीतरी वर्षं.

साहेब बदलत गेले. आलेल्या प्रत्येक साहेबाला वाटायचं, ही बाई दुसऱ्या खात्याची. म्हणून तिला कुणी पगार दिला नाही, आणि कुणी हटवलंही नाही. गाव तिला भात द्यायचं. ती होती तोवर बांध फुटला नाही.

आजा हे सांगताना पोट धरून हसायचा. मी या वर्षी पहिल्यांदा लिहून काढलं, आणि मला काही हसू आलं नाही.

जोमाबाबा, बामाआय, पणतवाचा दंडवत घ्या.