आईनं बाही वर केली

आमचं गाव चिंचोळी एमआयडीसीच्या पुढं, हमरस्त्यापासून थोडं आत. वडील तिथल्या एका कारखान्यात कामाला होते आणि आई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. दोन माणसांचं काम ती एकटी रेटायची.

मी तेव्हा सोलापुरात डीएड करत होते. सुट्टीत घरी आले तर आईच्या डाव्या तळहातावर भाजल्याचा मोठा फोड.

"पातेलं उतरवताना लागलं आसंल," ती म्हणाली. "कळलंच न्हाय बघ."

एवढा चटका बसला आणि कळला नाही? मी खोदून विचारलं, तेव्हा तिनं कोपराखालचा चट्टा दाखवला. विड्याच्या पानाएवढा, फिकट तांबूस. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकायला लागलं होतं. शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरला ती आधीच दाखवून आली होती. त्यानं चट्टा लांबूनच पाहिला, पेनाच्या टोकानं चिठ्ठी तिच्याकडं ढकलली आणि म्हणाला, "सोलापूरला जा. इथं परत येऊ नका." आई समजायचं ते समजली. चिठ्ठी तिनं चुलीत घातली आणि आठ महिने गप्प राहिली. तिची बोटं वाकली ती त्या आठ महिन्यांत.

दुसऱ्याच दिवशी मी तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला डोळे मिटायला लावले. "कापूस कुठं लागतोय, बोट ठेवून दाखवा, मावशी." चट्ट्यावरून कापूस दोनदा फिरला. आईचं बोट हललं नाही. मग बाईंनी तिच्या कोपराजवळची शीर दाबून पाहिली, वाकलेली बोटं आपल्या दोन्ही हातांत घेऊन हळूहळू सरळ केली आणि बोलता बोलता सांगितलं, "कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की तुमच्यापासून दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. पण बारा महिने एकही गोळी चुकवायची नाही."

"आन् शाळंतला सैपाक?"

"करा की. फक्त जाड फडकं घेतल्याशिवाय पातेल्याला हात लावू नका."

परतताना एसटीत आई आपली वाकलेली बोटं कुरवाळत होती. मग म्हणाली, "त्या डाक्टरनं चिठ्ठी ढकलल्यापासनं मला माजाच हात नकोसा झालता. ह्या बाईनं धरला बघ."

आणि मी काय केलं? मला अकलूजचं एक स्थळ आलं होतं. मी तिला म्हणाले, "गोळ्या डाळीच्या डब्यात ठेव. माझं जमेपर्यंत कुणाला बोलू नकोस." तिनं ऐकलं. घरात पाहुणे असले की डबा उघडायची सोय नसे. एकदा तर सलग पाच दिवस गोळ्या चुकल्या. त्या पाच दिवसांचा दोष माझा.

त्या गोळ्यांनी कातडी काळवंडते. आई काळवंडू लागली, तसं ती कशाच्या गोळ्या खाते हे आधी बायकांनी ओळखलं, मग गावाला कळलं. शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. शाळेच्या समितीतले एक वयस्कर सदस्य म्हणाले, "पोरांच्या जिवाचा प्रश्न हाय. बाई बदला." गुरुजींनी समजावलं, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी समजावलं. कुणी ऐकेना. मी बायकांमध्ये खाली मान घालून बसले होते.

आई उठली. तिनं सगळ्यांसमोर बाही वर केली.

"ह्यो बघा चट्टा. तुमी म्हारोग म्हणा, डाक्टर कुष्ठरोग म्हणत्यात. मी गोळ्या खातीया, लपवून खाल्ल्या ह्येच चुकलं. लागत न्हाय आसं डाक्टरनं सांगितलं म्हणून मी चुलीपाशी उबी ऱ्हायले. लागत आसतं तर तुमी सांगायच्या आदी मीच घरी बसले आसते. ती पोरं माजीबी हायती की."

माझी मान तेव्हा वर झाली.

तरीही तिचं काम गेलं. दुसरी बाई नेमली. आई घरी येऊन खूप रडली. मग उठून तिनं गोळ्यांची पाकिटं डब्यातून काढली आणि दारासमोरच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी मांडली. अकलूजच्या लोकांनाही तिनं स्वतःच सांगितलं. ते परत आले नाहीत. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, हेही सांगायला हवं.

पुढच्या महिन्यात नर्सबाई तपासणीला घरोघर निघाल्या, तेव्हा आई त्यांच्याबरोबर निघाली. नर्सबाईंना दारातूनच "हितं कुणाला काय न्हाय" म्हणणाऱ्या बायका आईचा हात बघून तिला आत बोलवायच्या. नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं मागच्या खोलीत नेऊन तिला पाठीवरचा चट्टा दाखवला. सासरी कळलं तर माहेरी धाडतील, अशी तिला भीती होती. आईनं आधी तिच्या सासूला समजावलं, मग सुनेला घेऊन ती सोलापूरला गेली. लवकर औषध मिळालं. त्या मुलीचं एकही बोट वाकलं नाही.

आईचा डोस वर्षानं पूर्ण झाला. तिची दोन बोटं मात्र तशीच राहिली. गुरुजी घरी येऊन म्हणाले, "या परत." आई म्हणाली, "नव्या बाईला काडू नगा. तिचंबी घर हाय. मी तिच्या जोडीला येते." सुरुवातीला काही मुलं घरून डबे आणायची. दिवाळीनंतर ते डबे दिसेनासे झाले.

आता मी सोलापुरातच शिक्षिका आहे. नवऱ्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं, त्यानं फक्त "आता तब्येत कशी आहे त्यांची?" एवढंच विचारलं. मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये कुष्ठरोगाच्या तपासणीवाल्या ताई आल्या. शेजारची दारं उघडी होती, म्हणून त्यांनी आवाज खाली घेऊन विचारलं, "घरात कधी कुणाला...?"

"माझ्या आईला झाला होता," मी जिन्यात ऐकू जाईल असं म्हणाले. "पूर्ण बरी झाली. बसा, चहा ठेवते, तिच्याबद्दल सांगते."