आरंभलेला पाठ

जिच्या कृपेवाचून जिभेवर अक्षर उमटत नाही, त्या जगदंबेला नमस्कार करून लेखणी हाती घेतो. निमित्त आपणांस ठाऊक आहे. ग्रंथालयाच्या दिवाळी अंकात गावाच्या त्या मुलीविषयी लेख असावा आणि तो तिच्या पहिल्या गुरूने लिहावा, असे संपादक मंडळींनी ठरवले. ते अंगणात येऊन तसे बोलले, तेव्हा मी तत्काळ होकार दिला नाही. परंतु कुणाची विनंती मोडणे मला कधी साधलेले नाही.

तिचे नाव येथे लिहीत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने तिला तलावाच्या पाळीवरून चालताना पाहिले आहे. एखादी गोष्ट मनापासून पाहायची किंवा ऐकायची झाली की ती डावा डोळा मिटी, मान किंचित कलती करी आणि म्हणे, "आणखी एक डाव, गुरुजी."

हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. तिचे घर ढीवरांचे; वडील तलावात मासे धरतात आणि शिंगाडे लावतात. उपवासाच्या दिवसांत तिची आई आमच्याकडे शिंगाड्यांची टोपली घेऊन येई. एका सकाळी मायलेकी दारात आल्या, तेव्हा माझा देवीचा पाठ चालू होता. पाठ संपला, आई निघाली, आणि मुलगी उंबऱ्याशी एक डोळा मिटून तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली.

"मले हे शिकवा न, गुरुजी."

"काहून गं?" आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या पत्नीने, स्वयंपाकघरातून विचारले.

"आयकाले बेस लागते."

"मग रोज ये. पण पाय धुऊन येजो, तळ्याचा सारा चिखल आमच्या घरात नको."

ती रोज आली, पाय धुऊन आली. उच्चार बसेपर्यंत तिचे "आणखी एक डाव" संपत नसे. मी थकत असे, ती थकत नसे. तिला मी पहिला नियम शिकवला तो असा, की आरंभलेला पाठ मध्ये सोडायचा नाही. दारात कुणीही येवो, काहीही होवो, ओठांवर घेतलेले देवीचे नाव शेवटास न्यायचे. पुढे एकदा तिची आई तिला बोलवायला आली. मुलगी डोळा मिटून म्हणत राहिली. आईने चार हाका मारल्या, टोपली खाली ठेवली, आणि आमच्या मंडळींना म्हणाली, "काकू, हे पोट्टी बयाड झाली का?" मंडळींनी तिला चहा दिला आणि दोघी पाठ संपेपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या.

येथे आमच्या मंडळींविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. मी देवघरात म्हणत असे आणि ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत असे. मी कोठे अडलो, की मान वळवून "अगं, पुढे?" असे विचारत असे, आणि आतून पुढचा चरण येई. कधी त्यासोबत "लक्ष कुठं असते हो तुमचं?" हेही येई. आमच्या संसारातील पुष्कळसे बोलणे या एका प्रश्नात आणि उत्तरात झाले आहे. ही गोष्ट आम्हा दोघांना आणि उंबऱ्याशी बसणाऱ्या त्या मुलीला, एवढ्यांनाच ठाऊक होती.

ती मोठी झाली, भंडाऱ्याला जाऊन पदवीधर झाली, आणि एके दिवशी मुहूर्त मागायला आली. कशाचा, तर चित्रपट शिकवणाऱ्या एका दूरच्या संस्थेच्या मुलाखतीचा. मी पंचांग उघडून सकाळची घटिका काढून दिली. मुलाखत मोबाइलवर होती आणि गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर. ती पाळीवर उभी राहून प्रश्नांना उत्तरे देत होती आणि म्हशी मध्ये येऊ नयेत म्हणून तिचे वडील काठी घेऊन उभे होते. तिची निवड झाली. त्यानंतर सानगडीच्या बाजारात लोक तिच्या वडिलांना अडवून विचारू लागले, "पोरगी हिरोईन होऊन राहिली म्हणतेत?" ते अवघडून सांगत, "नाई बाप्पा, थे मशीनच्या मांगं राहाते."

श्रावणात ती निघाली. माझ्या पाया पडली. मंडळींनी तिच्या तळहातावर दही घातले आणि म्हटले, "लवकर येजो." त्या दोघींची ती शेवटची भेट ठरली. कार्तिकात माझे घर रिकामे झाले. तिला परीक्षेमुळे येता आले नाही. तिने फोन केला. मला तेवढे पुरले.

नव्या विद्यार्थिदशेतील गमती ती मला कळवीत असे. आरंभीचे काही आठवडे त्यांच्या हाती यंत्रच दिले नाही. एका पांढऱ्या भिंतीसमोर बसवले आणि तिच्यावरचा प्रकाश कसा सरकतो ते पाहायला सांगितले. "सकाळपासून भित पाहून राहिलो आम्ही, गुरुजी. बाबाले सांगू नका. म्हणतीन, पोरगी एवढ्या दूर भित पाहाले गेली." मी तिला म्हटले, ही तर साधना आहे, तुझे गुरुजन जाणते आहेत. मला खरोखर आनंद झाला होता.

पुढे तिचा स्वर उतरत गेला. तिने "मले" म्हटले की वर्गातील मुले मागे वळून पाहत. सगळे इंग्रजीत बोलत. ज्या चित्रपटांची नावे ते घेत, त्यांपैकी एकही तिने पाहिलेला नव्हता. पहिल्या अभ्यासासाठी तिने तलाव चित्रित केला. तिचे सर म्हणाले, दिसते सुंदर, पण यात कुणी राहत नाही. आता दुसरा अभ्यास होता. आपल्या ओळखीचे एक माणूस, एक खोली, आणि रचलेले संवाद नकोत. "हेही फसलं तं मी वापस येऊन जाईन, गुरुजी. मंग जाळे विणत बसीन." असे ती म्हणाली त्या वेळी तिचे नेहमीचे हसू मला फोनवर ऐकू आले नाही.

होळीच्या सुटीत ती यंत्राची काळी पिशवी आणि ते ठेवायची तीन पायांची घोडी घेऊन आली. "तुम्हीच पाहिजे, गुरुजी. सकाळचा पाठ. बाकी काही नाई."

मी एक अट घातली. वडिलांच्या पश्चात नवरात्रातला देवळातला पाठ तेव्हा माझ्याकडे होता. तो निर्दोष झाला तर गावाचे वर्ष सुखाचे जाते, अशी आपली सर्वांची श्रद्धा. म्हणून मी तिला म्हटले, "माझे वय झाले आहे. कोठे चुकलो, अडलो, तर ते चित्रात ठेवायचे नाही. खंडित पाठ लोकांपुढे जाऊ नये."

"नाई ठेवत."

"देवीपुढे सांग."

तिने चौरंगाला हात लावून सांगितले.

त्या सकाळी तिने मला खिडकीकडे सरकवले, समई मागे नेली, आणि पहिला अध्याय कितीदा तरी म्हणवून घेतला. प्रत्येक वेळी तेच: "आणखी एक डाव, गुरुजी." मीही लहान मुलासारखा म्हणत राहिलो. एकदाही अडलो नाही. शेवटी ती म्हणाली, "झालं, गुरुजी. आता निवांत बसा. मी बाबाले भेटून येते." ती बाहेर पडली. कांडण संपल्यावर भिंतीशी टेकवलेल्या मुसळाकडे जसे कुणी पाहत नाही, तसे मी त्या यंत्राकडे पुन्हा पाहिले नाही.

पण पाठ आरंभलेला होता. एका अध्यायावर तो सोडून उठणे मला शक्य नव्हते. मी एकटाच पुढे म्हणू लागलो. बऱ्याच पुढे गेल्यावर एका जागी अडलो आणि सवयीने मान वळवली. "अगं, पुढे?"

उत्तर येण्याची वाट पाहत मी तसाच बसलो होतो. किती वेळ, ते मला त्या दिवशी कळले नाही. नंतर कळले, कारण ते सर्व आपण पाहिले आहे आणि मीही आपल्यासोबतच पाहिले.

गेल्या श्रावणात तिच्या चित्राचे कौतुक झाले म्हणून ग्रंथालयात ते दाखवण्याचे ठरले. मला पहिल्या रांगेत बसवून शाल आणि श्रीफळ दिले. ती मागे भिंतीशी उभी होती. पडद्यावर माझे देवघर आले. मी चांगला म्हटलेला एकही श्लोक त्यात नव्हता. ती दाराबाहेर गेल्यानंतर जे घडले, तेवढेच होते. माझे अडणे, माझी वळलेली मान, माझा प्रश्न, आणि रिकाम्या दाराकडे पाहत बसलेला एक म्हातारा. सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. शेजारच्या सद्गृहस्थांनी माझा हात हाती घेतला. मी शाल सावरत राहिलो, कारण हातांना दुसरे काही काम नव्हते.

चित्र उत्तम आहे, असे जाणकार म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यात मी खोटा दिसत नाही, हेही खरे आहे. परंतु मी आरंभलेला पाठ सोडणार नाही, हे तिला ठाऊक होते. ते तिला मीच शिकवले होते. मी अडलो की कोणीकडे वळतो, हे तिने याच घराच्या उंबऱ्यावर बसून पाहिले होते. परक्या माणसाला हे चित्र घेता आले नसते.

दुसऱ्या सकाळी ती आली. पाय धुऊन आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तुम्ही रागावले का, गुरुजी?"

"तू देवीपुढे काय सांगितले होतेस?"

"मी काई खोटं नाई दाखवलं. जे झालं तेच हाये."

"वचन खरे-खोटे दाखवण्याचे नव्हते."

ती खाली पाहत म्हणाली, "वर्गातले सारे रडले, गुरुजी. सरांनं पहिल्यांदा मले नावानं हाक मारली. तोवर मी निस्ती 'ती गावाकडची' होती."

"ते चित्र काढून टाक."

"आता थे माझं नाई राहिलं. संस्थेचं झालं."

"यंत्र चालू ठेवून बाहेर गेलीस, तेव्हा ठाऊक होते?"

 तिने डोळा मिटला नाही. उघड्या दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि ती निघून गेली. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही.

सायंकाळी तिचे वडील आले. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. "गुरुजी, दोष माझा हाये. जाळं टाकलं का काठावरून हटून जावं लागते, नाई तं मासा बिचकते. हे मीच शिकवलं तिले."  मी त्या सरळ माणसाला चहा करून दिला. चहा मला नीट येत नाही, तरी त्याने तो प्यायला.

भाद्रपदात देवळाची मंडळी आली. फार आदराने बोलली. "गुरुजी, तुमचं वय झालं, आता आराम करा. कसं हाये, देवीचा मामला हाये, कुठी अडलं तं गावाले भोवते." यंदा पवनीकडचा एक तरुण शास्त्री बसला. त्याचा आवाज खणखणीत आहे. देवळाच्या मंडळींचा यात अपराध नाही. खंडित पाठाचे हे भय मीच वर्षानुवर्षे प्रवचनांतून त्यांच्या मनात घातले आहे.

नवरात्रात मी घरीच पाठ केला. लाउडस्पीकरवरून देवळातला पाठ ऐकू येई आणि माझा त्याच्या मागे पडे. एका सकाळी अडलो. मान वळू लागली आणि अर्ध्यावर थांबली. खोलीत कुणी नव्हते, यंत्र नव्हते, तरी कुणीतरी पाहत आहे असे वाटले, आणि मी ती हाक मारली नाही. पोथी उघडून पुढचा चरण वाचला. तेव्हापासून असेच चालले आहे. देवळातले आसन गेले, ते वयाने आज ना उद्या जाणारच होते. ही हाक मात्र मी अखेरपर्यंत मारणार होतो. लाज वाटल्यावाचून ती आता माझ्या तोंडातून निघत नाही.

संपादक मंडळींनी लेखाच्या शेवटी तिला आशीर्वाद द्यावा असे सुचवले आहे. तिच्या विद्येला यश येवो, हे मी मनापासून म्हणतो. अधिक लिहिण्याइतके माझे मन अजून निवळलेले नाही, आणि या अंकात खोटे लिहिण्याचे मला कारण नाही.

वाचकहो, आपल्या घरी दीप उजळोत, कोठारात धान राहो, मुलाबाळांना दीर्घायुष्य लाभो. आणि आपण आतल्या खोलीकडे वळून काही विचारले, तर आतून उत्तर येवो, पुष्कळ वर्षे येवो. जगदंबा आपले कल्याण करो.