अर्धा तास बोलण्याचा

"तुझंच मराठी अजून शुद्ध नाही. तू कुणाची भाषा वाचवणार?"

ओसाकातल्या सरकारी कार्यालयात, भर बैठकीत, सर मला मराठीत बोलले. सर पुण्याचे, माझ्या इथल्या विद्यापीठातले संशोधक, अनुदान समितीचे सल्लागार. जपानी अधिकाऱ्यांना शब्द कळले नसतील. माझी खाली गेलेली मान कळली असावी.

मी दुभाषी. म्हणून टेबलापासून दूर, मागे स्टुलावर. टेबलाशी आयनूर. चीनच्या पश्चिम टोकाकडून आलेली उइघुर बाई, दोन मुलांची आई. तिची भाषा मी तिच्याकडूनच शिकलो. तिला ताई म्हणायचो. मोठ्या भूकंपानंतर परदेशी लोकांसाठी एक लहानसं रेडिओ केंद्र सुरू झालं होतं. तिथून ती दर रविवारी अर्धा तास उइघुरमध्ये बोलायची. बातम्या, गोष्टी. सरकारी मदत मिळाली नाही तर तिचा हा अर्धा तास बंद पडणार होता.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पोशाख आणि नाच यांना मदत देऊ. रेडिओ कोण ऐकतं?"

ताईने उइघुरमध्ये उत्तर दिलं, "माझी मुलं ऐकतात. घरात मला जपानीतच बोलतात, पण रेडिओपुढे गप्प बसतात. मला नाचायचं नाही. बोलायचंय."

सरांना उइघुर कळायची. मी जपानीत सांगण्याआधीच ते मागे वळले. "एवढं तिखट नको. 'आभारी आहोत, नाच करू', एवढंच सांग. तुझ्या शिष्यवृत्तीवर माझी सही लागते, विसरू नकोस."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शिष्यवृत्ती गेली तर कुठल्या तोंडानं घरी परत जायचं?

तेवढ्यात आई आठवली. लहानपणी शहरातले लोक वस्तीत तिची गाणी टेप करायला आले होते. टेपरेकॉर्डर सतरंजीवर. आई मातीत. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "साहेब, हिरीचं सांगू का? आमाला पाणी भरू देत न्हाईत." त्यांनी बटण बंद केलं.

मी उभा राहिलो. ताईचं बोलणं शब्दन् शब्द जपानीत सांगितलं.

सर हळूच म्हणाले, "संपलं तुझं."

"संपू द्या," मी म्हणालो. "तिच्या तोंडात तुमचं बोलणं मी घालनार न्हाई."

अनुदान नाचाला मिळालं, दुसऱ्याच मंडळाला. रेडिओचा अर्धा तास बंद झाला. माझी शिष्यवृत्तीही. आता मी हॉटेलात भांडी घासून फी भरतो.

यंदा आम्ही पुन्हा मदत मागतोय. बोलण्यासाठीच. अध्यक्ष तेच आहेत, बहुतेक नाहीच म्हणतील. म्हणू देत. अर्जात नाच आम्ही लिहिणार नाही.