सोहारमधले दोन मित्र आणि बारावीचा एक धडा

ओमानमधल्या सोहारच्या एका पोलाद कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. तेव्हा आमच्याकडे दोन परदेशी सल्लागार होते. एक अमेरिकन, भट्टीच्या विजेचं काम बघणारा. दुसरा रशियन, धातूंचा जाणकार. दोघंही साठी ओलांडलेले, एकटे, एकाच इमारतीत राहणारे. सकाळी एकाच गाडीतून यायचे आणि गेटपर्यंत वाद घालायचे, पण तो गमतीचा.

अमेरिकनचे वडील दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजावर होते. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून ते रशियाला रसद पोचवायचे. रशियनच्या आईने त्याच रसदीतल्या डबाबंद मांसावर एक अख्खा हिवाळा काढला होता. "याच्या बापाने माझ्या आईला जगवलं," असं तो कँटीनमध्ये भेटेल त्याला सांगायचा. अमेरिकन लाजून हसायचा.

मग रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्याची बातमी आली. कँटीनच्या टीव्हीवर दिवसभर तेच. दोघांचा वाद चालू होता, पण आता हसू येत नव्हतं.

त्याच सुमाराला माझ्या मुलीची बारावी सुरू झाली. पॉलिटिकल सायन्सचा पहिलाच धडा शीतयुद्धाचा. तिने मला विचारलं, "बाबा, हे दोघं सेम साइडला होते ना? हिटलरला मिळून हरवला. मग लगेच एनिमी कसे झाले?"

मला धड सांगता येईना. म्हटलं, घरचेच जाणकार आहेत की. एका शुक्रवारी दोघांना जेवायला बोलावलं. बायकोने सुरमई तळली, सोलकढी केली. दोघांनी ती दोनदा मागून घेतली. जेवणं झाल्यावर मुलगी वही घेऊन समोर बसली.

सुरुवात छान झाली. अमेरिकन म्हणाला, "शत्रू एक होता, म्हणून आम्ही एकत्र होतो. तो मेला आणि उरलं काय? दोन देश, दोन वेगळी स्वप्नं. आमचं म्हणणं, माणसाने मत द्यावं, धंदा करावा, मनात येईल ते बोलावं."

"आणि आमचं म्हणणं, कुणी उपाशी राहू नये, कारखाना सगळ्यांचा असावा," रशियन म्हणाला. "दोघांनाही वाटायचं, जग आपल्याच वाटेने जाणार. म्हणून दोघंही एकमेकांना भ्यायले."

मुलगी भराभर लिहीत होती. मग अमेरिकन म्हणाला, "पोलंडला निवडणुका देऊ म्हणाले होते हे. खऱ्या निवडणुका कधी दिल्याच नाहीत. बर्लिनचे रस्ते अडवले."

"आणि तुम्ही मित्रापासून चोरून अणुबाँब बनवलात!" रशियनचा आवाज चढला. "हिटलरवर पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडायला किती वर्षं लावलीत? तोवर मरत कोण होतं? आमची दोन कोटींवर माणसं गेली. माझे दोन काका गेले."

"आज क्रिमियात काय चाललंय, ते पण सांग हिला."

"आधी तू इराकचं सांग."

मग अमेरिकन जे बोलला, ते मी अजून विसरलो नाही. "माझ्या बापाने उगाच जीव धोक्यात घातला. ते डबे समुद्रात फेकायला हवे होते."

रशियन उठला. माझ्या बायकोला वाकून नमस्कार केला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला. मुलीने हळूच वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासून दोन गाड्या येऊ लागल्या. एकाचा निरोप दुसऱ्याला ईमेलने जायचा, दोघांच्या केबिनमध्ये फक्त एक भिंत असताना. मी मध्ये पडलो नाही. दोघंही मला वरिष्ठ, आणि मला माझ्या व्हिसाची काळजी. शिवाय वाटायचं, होईल आपोआप नीट. इन्शाल्ला.

ऑगस्टमध्ये रशियनला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी अमेरिकनला सांगितलं तेव्हा तो लगेच माझ्याबरोबर निघाला. हॉस्पिटलच्या आवारात गाडी थांबवली, पण उतरेना.

"तो आधी माफी मागेल का?" त्याने विचारलं.

"सर, त्यांना बोलता येत नाही."

"मग मी वर जाऊन काय करू?"

मी एकटाच वर गेलो. रशियन माझ्या पाठीमागे दाराकडे बघत राहिला. दुसरं कुणी येत नाही हे कळल्यावर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. खाली गाडीत अमेरिकन बसलाय, हे मी त्याला सांगितलं नाही.

रशियनच्या मुलाने येऊन त्याला मायदेशी नेलं. दोन महिन्यांनी तो वारल्याचं कळलं. मी अमेरिकनच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भट्टीचं तापमान विचारलं. मी आकडा सांगितला.

वर्षअखेरीस अमेरिकनही काम सोडून गेला. त्याला निरोप द्यायला मी गेलो नाही.