शीफे एबेनेवरून उतरणारा बँकर

सकाळचे दहा वाजले होते आणि मी डोंगराच्या पोटात, घोट्याएवढ्या थंड पाण्यात उभी राहून ‘सोनं कुठे आहे?’ या प्रश्नाचं जर्मन करत होते. प्रश्न शिर्केसाहेबांचा होता. उत्तर द्यायला गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर होते. बंद पडलेल्या खाणीच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असे. कंदील भिंतीजवळ नेऊन ते म्हणाले की इथलं सोनं डोळ्यांना दिसत नाही. गाडाभर दगड फोडून दळावा, तेव्हा चिमूटभर हाती लागतं. मी ते इंग्रजीत सांगितलं. शिर्केसाहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे कोथिंबिरीच्या एका काडीसाठी अख्खा मळा उपटायचा."

मी हसले आणि मराठीतच उत्तर दिलं. त्या दिवसातली माझी पहिली चूक ती. ती चूक का, ते पुढे येईल.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत पाहिलेल्या सोन्याच्या गावांचे आणि जुन्या आगगाडीच्या पुलाचे फोटो पोचले. सोन्यामागे धावलेली माणसं आणि त्यांच्यामागून आलेली रेल्वे, हे सगळं फक्त तुमच्या कॅनडात किंवा अमेरिकेतच झालं असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे लिहायला बसले. जर्मनीतही अशा जागा आहेत. त्यातल्या दोन मी एकाच दिवशी पाहिल्या. दुसरी मी अजून विसरलेले नाही.

१९५० च्या दशकाची अखेर होती. तुमचे आजोबा एर्लांगेनच्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. मी पुण्याहून इंग्रजीत एम. ए. होऊन आले होते, जर्मन पुण्यातच थोडं शिकले होते आणि बाकीचं दुकानदार आणि घरमालकिणीकडून. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या एका कंपनीत मला दुभाषीची नोकरी मिळाली. दुभाषी म्हणजे दोन माणसांच्या मधली नळी. एकीकडून पडेल ते दुसरीकडून तसंच बाहेर आलं पाहिजे. नळीने स्वतःचं काही घालायचं नाही.

आमचे साहेब हेर वीगांड (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्री, फ्राउ म्हणजे श्रीमती) एक्स्पोर्ट विभागाचे प्रमुख होते. त्यांचे नियम थोडे आणि स्पष्ट. त्यातला एक असा, की भारतीय पाहुण्यांशी कामाच्या वेळी फक्त इंग्रजी बोलायचं, कारण पाहुणे तीन प्रांतांतून येतात आणि दोघांना न कळणारं बोलणं तिसऱ्याशी केलं की बाकीच्यांना वाटतं त्यांच्यापासून काही लपवलं जातंय. नियम शहाणपणाचा होता. मी तो चार महिने पाळला होता.

त्या वेळी तीन रेल्वे इंजिनियर आले होते. मद्रासचे राव, कलकत्त्याचे मुखर्जी आणि कर्जतचे शिर्के. शिर्केसाहेब इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनपासून चढत आलेले. बोरघाटात पंचवीस वर्षं काढलेली. फॅक्टरी बघून झाली होती आणि सह्या दुसऱ्या दिवशी व्हायच्या होत्या, म्हणून मधला दिवस सहलीचा. सकाळी सोन्याची खाण, दुपारी शीफे एबेने.

शीफे एबेने म्हणजे तिरपा उतार. बवेरियाच्या उत्तरेला एका डोंगरावर थेट आगगाडी चढवायची म्हणून तेव्हाच्या शंभरेक वर्षं आधी बांधलेला रेल्वेचा चढ. दरीच्या बाजूला चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून उभारलेले प्रचंड बांध आहेत. आपला बोरघाट याच्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी झाला. अशा चढावर गाडीला पुढे एक इंजिन पुरत नाही. मागून दुसरं इंजिन ढकलतं. आपल्याकडचे रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. वर पोचलं की बँकर गाडीपासून सुटतो आणि एकटाच खाली परत येतो.

आम्हाला रुळांच्या कडेने चालायची लेखी परवानगी होती आणि सोबत लूकआउट म्हणून हेर पॉप दिले होते. लूकआउटचं काम एकच, गाडीवर नजर ठेवायची आणि हातातला भोंगा वाजवायचा. हेर पॉप साठीच्या आसपासचे, मिशी पांढरी, तिथली फ्रांकोनियन बोली इतकी जाड की मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागे. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. ते त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं.

एक मालगाडी वर गेली. पुढे एक इंजिन, मागे बँकर. शिर्केसाहेबांनी टोपी काढली आणि डोळे मिटून दोन्ही इंजिनांचे ठोके ऐकले. मग मला म्हणाले, "बाई, डोळे मिटले की खंडाळा. उघडले की पाइनची झाडं." मला त्या चार महिन्यांत नवऱ्याखेरीज कुणी मराठीत असं बोललं नव्हतं. सकाळपासून आम्ही दोघं मराठीतच बोलत होतो. राव आणि मुखर्जी सभ्य होते, म्हणून काही म्हणाले नाहीत.

गाडी दिसेनाशी झाल्यावर हेर पॉपनी मला सांगितलं की बँकर पंधरा-वीस मिनिटांत पलीकडच्या रुळावरून उतरेल, तोवर कुणीही ओलांडायचं नाही. त्यांनी ते नीट, सावकाश आणि वेळेवर सांगितलं. मी ते लगेच राव आणि मुखर्जींना इंग्रजीत सांगितलं. शिर्केसाहेब तोवर वीसेक पावलं पुढे गेले होते. त्यांना आधी जाऊन सांगायला हवं होतं. पण हेर पॉप बांधाच्या दगडांबद्दल बोलू लागले, मुखर्जींनी प्रश्न विचारला, आणि मी भाषांतरात अडकले.

पलीकडच्या रुळालगत डोंगर कापून उभी केलेली दगडी भिंत होती. तिच्या काही दगडांवर जुन्या पाथरवटांच्या खुणा होत्या. शिर्केसाहेबांना त्या दिसल्या. त्यांनी तिथूनच मोठ्याने विचारलं, "बाई, बँकर अजून यायचाय ना? का मी पलीकडं जाऊन तेवढा दगड बघून येऊ?"

मी हेर पॉपचं वाक्य ऐकत होते. अर्धं लक्ष तिकडे ठेवून पहिल्या प्रश्नाला मान हलवली आणि ओरडले, "जा, जा."

जर्मनमध्ये ‘जा’ म्हणजे हो. दिवसाला शंभर वेळा तोंडात येणारा शब्द. हो, अजून यायचाय, असं मला म्हणायचं होतं.

त्यांनी हात वर करून मला दाद दिली आणि रूळ ओलांडायला निघाले.

मला ते दिसलं तेव्हाही काही कळलं नाही. हा माणूस असा का करतोय, एवढंच मनात आलं. त्यांनी अलीकडचा रूळ ओलांडला. पलीकडच्या रुळात पाऊल ठेवण्याआधी थांबून त्यांनी खालच्या बाजूला नीट पाहिलं. आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात, जर्मनीत उजवीकडून. पंचवीस वर्षांच्या सवयीने त्यांची मान चुकीच्या बाजूला वळली. ते रुळात उतरले आणि वरच्या वळणावरून बँकर आला. कोळशाचा डबा, म्हणजे टेंडर, पुढे, वाफ बंद, उताराच्या जोरावर. एवढं मोठं इंजिन इतकं शांतपणे येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

माझ्या तोंडून कोणत्याच भाषेतला शब्द निघाला नाही. हेर पॉपनी भोंगा वाजवला.

भोंगा ऐकून शिर्केसाहेबांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर संपले असते. समोरच्या भिंतीकडे त्यांनी झेप घेतली, आणि मग मधे फक्त इंजिन होतं. चाकं, ब्रेकची किंकाळी, टेंडर, बॉयलर, पुन्हा चाकं. ते किती वेळ चाललं सांगता येणार नाही. राव माझा दंड धरून उभे होते. इंजिनापलीकडे काय असेल याचं चित्र माझ्या डोक्यात तयार झालं होतं, आणि ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

इंजिन पुढे गेलं. शिर्केसाहेब भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे दगडावर टेकून उभे होते. कोटाची एक बाही खांद्यापासून फाटली होती. टोपी रुळात होती, दोन तुकडे झालेली. हेर पॉप स्वतः पलीकडे गेले आणि दंडाला धरून त्यांना घेऊन आले. साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते माझ्यासमोर उभे राहिले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"बाई, तुम्हीच तर जा म्हणालात."

तेव्हा मला कळलं. मी जवळच्या दगडावर बसले.

इंजिन खाली थांबलं होतं. ड्रायव्हर धावत वर आला, हेर पॉपशी काही बोलला आणि परत गेला. अशा प्रसंगी लेखी रिपोर्ट होतो. तासाभरात आम्ही पायथ्याच्या स्टेशनमास्तरांच्या खोलीत होतो. त्यांनी कागद पुढे ओढला आणि पहिला प्रश्न हेर पॉपना विचारला. पाहुणा रुळात गेलाच कसा? हेर पॉप म्हणाले, मी सूचना दिली होती. स्टेशनमास्तर म्हणाले, सूचना देणं आणि माणूस रुळाबाहेर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेर पॉपनी टोपी काढून हातात घेतली. ते टोपीची कड बोटांनी फिरवत होते. पेन्शनचा विचार त्यांच्या मनात होता, हे मला भाषांतराशिवाय कळलं.

मग शिर्केसाहेबांची पाळी. खोलीत त्यांचं मराठी कळणारी एकटी मी. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सांगा त्यांना, मी डावं-उजवं चुकलो. आमच्याकडं गाडी डावीकडनं येते. चूक माझी. दुसरं काही सांगू नका."

मी ते जर्मनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

स्टेशनमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दुसरं काही म्हणजे काय?"

मी म्हणाले की इथपर्यंत भाषांतर झालं, यापुढचं माझं स्वतःचं आहे. आणि सांगितलं. हेर पॉपची सूचना वेळेवर मिळाली होती. ती मी दोघांना दिली, तिसऱ्याला दिली नाही. तिसऱ्याने विचारलं तेव्हा मी माझ्या भाषेत बोलता बोलता तुमचा शब्द वापरला.

"कोणता शब्द?"

"जा."

"त्याचा तुमच्या भाषेत काय अर्थ होतो?"

"‘गे’," मी म्हणाले. जर्मनमध्ये ‘गे’ म्हणजे चालता हो, निघ.

स्टेशनमास्तरांनी सवयीने "जा..." असं सुरू केलं, थबकले, आणि शिर्केसाहेबांकडे पाहून घेतलं. शिर्केसाहेब खुर्चीतून हलले नाहीत.

"बाई," ते मला हळूच म्हणाले, "मी झाकत होतो ना."

"साहेब, तुम्ही मला झाकत होतात. मग पॉपना कोण झाकणार?"

त्यांनी हेर पॉपच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं आणि मान हलवली. मग स्वतःच टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून हेर पॉपच्या पुढ्यात ठेवला.

रिपोर्टमध्ये कारण म्हणून लिहिलं गेलं, ‘दुभाषीकडून समजुतीचा घोटाळा’. लूकआउटने कर्तव्य बजावलं, असंही लिहिलं. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मग खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. शिर्केसाहेबांनी उसन्या कोटात सही केली. तिथे मी नव्हते. मला हेर वीगांडनी केबिनमध्ये बोलावलं होतं. मी राजीनामा टाइप करून नेला होता. त्यांनी तो वाचला, ‘शब्द’ या शब्दातली माझी स्पेलिंगची चूक दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

"फ्राउ गद्रे, फक्त इंग्रजी हा नियम तुम्हाला माहीत होता?"

"हो."

"मग मोडला का?"

मी खरं तेच सांगितलं. मराठी ऐकून बरं वाटलं म्हणून. ते म्हणाले, युद्धानंतर ते दोन वर्षं इंग्लंडमध्ये कैदी होते. तिथे एकदा एका पाववाल्याने त्यांच्याच गावच्या बोलीत ‘गुड मॉर्निंग’ केलं, आणि त्या आनंदात ते पाव न घेताच परत आले. "पण तिथे रूळ नव्हता, फ्राउ गद्रे."

तीन महिने मला साइटवर पाठवलं नाही. मी टेबलावर बसून मशिनच्या माहितीपत्रकांची भाषांतरं केली. हेर पॉप दोन वर्षांनी ठरल्याप्रमाणे पेन्शनवर गेले. त्यांचं कार्ड आलं होतं. शिर्केसाहेबांकडून काही आलं नाही. ते मला रास्तच वाटलं.

चौथ्या महिन्यात पुन्हा पाहुणे आले, पुन्हा रूळ आले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी या कामात होते, आणि एवढंच शिकले. अवघड शब्द फारसे चुकत नाहीत, कारण ते कुणालाच येत नसतात आणि सगळे दोनदा विचारतात. घात करतो तो रोजचा, अर्ध्या श्वासात निघणारा शब्द. तुम्हीही उद्या कुठे कामाला लागाल. यंत्राजवळ, रस्त्यावर, रुळाजवळ कुणी लांबून काही विचारलं, तर तिथूनच ओरडून उत्तर देऊ नका. हातातलं काम थांबवा, त्याच्यापर्यंत चालत जा, आणि पूर्ण वाक्यात सांगा.