पाहुण्याची खुर्ची

निम्म्या शहराच्या बुडाखाली ज्याच्या हातची गादी होती, तो माणूस स्वतः मात्र कित्येक वर्षं धड बसला नव्हता. सोफे-खुर्च्या शिवून शिवून कंबर गेली. टेकलं की पाठीतून कळ उठे, म्हणून काम उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने आणि जेवणही ओट्याशी उभ्यानेच. लोक त्याला उभेराव म्हणत. बायको टेबलाशी एकटी जेवे आणि त्याच्या पाठीशी बोले. तिला समोर बसून जेवणारा नवरा हवा होता, एवढंच.

गोळ्या, मलमं, पट्टे सगळं करून झाल्यावर दोघं पुनर्वसन केंद्रात गेली. तिथल्या फिजिओबाईंनी त्याला वाकवलं, वळवलं आणि सरळच सांगितलं, "आता पाठीत मोडलेलं काही नाही. पण दुखणं पूर्ण जाईलच असंही नाही. त्याला घरी आलेला पाहुणा समजा. हाकलू नका आणि त्याच्यामागे नाचूही नका. रोज थोडं बसायचं, आणि वेळ संपली की उठायचं, दुखलं म्हणून नाही. बाई, तुम्ही सारखं 'दुखतंय का?' विचारायचं नाही."

उभेरावाने हे एका कानाने ऐकलं नि दुसऱ्याने सोडलं. बायकोने मात्र शब्दन्‌शब्द पदरी बांधला. त्याच संध्याकाळी तिने टेबलाशी खुर्ची मांडली. तीही साधीसुधी नव्हे. उभेरावाने एके काळी स्वतःसाठी शिवलेली, हिरव्या मखमलीची, चादरीखाली झाकून ठेवलेली.

"ही कुणाला?"

"पाहुण्यांना. उभं ठेवायचं का त्यांना?"

तिने पाहुण्याचं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि अदबीने विचारलं, "यांच्या पाठीत जागा पुरते ना हो?" एकदा शेजारीण त्या खुर्चीत टेकणार, तेवढ्यात ही ओरडली, "तिथे नको, बसलंय कुणीतरी!" शेजारणीने घाबरून खुर्चीची माफी मागितली.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहिला त्याची अक्कल गेली, असं म्हणतात. हा पाहुणा मुरला. उभेराव केंद्रात चारचौघांपुढे तोंड वाकडं करून थोडा वेळ बसे, पण घरी आला की पुन्हा ओट्याशी. तिथून तो बघायचा. बायको दिवसभराच्या गोष्टी खुर्चीला सांगायची आणि खुर्चीकडे बघून हसायची. आपल्याकडे बघून ती शेवटची कधी हसली, हे त्याला आठवेना. ते त्याला फार लागलं.

एके संध्याकाळी तिने पाहुण्याच्या पाठीमागे नवी उशी ठेवली आणि उभेरावाचं डोकं फिरलं.

"ऊठ!" तो रिकाम्या खुर्चीवर खेकसला. "माझी खुर्ची आहे ती."

आणि बसला. स्प्रिंग कण्हली, पाठोपाठ तोही. डोळ्यांत पाणी आलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. बायकोच्या ओठांवर तो बंदी घातलेला प्रश्न आला होता. तिने तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. मग जरा वेळाने म्हणाली, "अहो, पाहुणे कुठे गेले?"

"जातायत कुठे," तो दात आवळून म्हणाला. "माझ्या मांडीवर बसलेत."

तिने पाहुण्याचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"बसू देत," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."